पुण्याहून कोलंबसला येणाऱ्या पालकांना खुले पत्र: इयत्ता विसरा, क्रेडिट्स मोजा

प्रति,
पुणे आणि परिसरातून इंडियाना राज्यातल्या कोलंबस शहरी बदलीवर येणारे, नववी ते बारावीच्या वयाची मुलं असलेले सर्व पालक

सप्रेम नमस्कार.

जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या या गावात वाण्याच्या दुकानापासून बागेपर्यंत मराठी कानावर पडतं, त्याचं कारण तुम्हाला ठाऊकच आहे. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथे आहे, आणि १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिल्यापासून दोन्ही गावांत माणसांची ये-जा सुरू आहे. बदली ठरली की घर, गाडी, बँक, विमा यांची माहिती चहूबाजूंनी मिळते. मोठ्या मुलांच्या शाळेबद्दल मात्र एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "नॉर्थ चांगली की ईस्ट?"

त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण त्यात फारसं काही नाही. कोलंबस नॉर्थ आणि कोलंबस ईस्ट ही दोन्ही सार्वजनिक हायस्कूलं बार्थोलोम्यू कन्सॉलिडेटेड स्कूल कॉर्पोरेशन या एकाच शाळा-मंडळाची आहेत. राज्याचे नियम एकच, डिप्लोमा (हायस्कूल उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र) एकच. सी-४ या व्यवसाय-शिक्षण केंद्राचे अभ्यासक्रमही दोन्हीकडच्या मुलांना खुले आहेत. ईस्टची इमारत मिचेल-जुर्गोला या वास्तुरचनाकारांची, १९७२ सालची. कमिन्स फाउंडेशनने वास्तुरचनाकाराचं मानधन भरायचं आणि गावाने उत्तम सार्वजनिक इमारती उभारायच्या, या रीतीमुळे इथल्या शाळा पाहायला लांबून लोक येतात. पण मूल कुठल्या शाळेत जाईल हे तुमच्या घराचा पत्ता ठरवतो. खबरदारी एकच घ्या. आल्या आल्या कंपनीने दिलेली तात्पुरती सदनिका एका शाळेच्या हद्दीत आणि नंतर भाड्याने घेतलेलं घर दुसऱ्या शाळेच्या हद्दीत, असं सर्रास होतं. मग दोन महिन्यांत शाळा बदलायची वेळ येते. कायमचं घर कुठे घेणार याचा अंदाज असेल तर प्रवेशाच्या वेळीच तो सांगा, आणि घर बदलल्यावर मूल त्याच शाळेत राहू शकेल का, हे लेखी विचारून घ्या.

आता मुद्द्याचं. अमेरिकन सार्वजनिक हायस्कूल मुलाचा हिशेब इयत्तेत ठेवत नाही, क्रेडिट्समध्ये ठेवतं. हा हिशेब पुण्यातून निघण्याआधी मांडला तर मूल वेळेवर आणि हव्या त्या विषयांसह बाहेर पडतं. नाही मांडला तर चांगल्या हुशार मुलाचं वर्ष जातं, आणि नेमकं कुठे चुकलं हे घरात कुणालाच कळत नाही.

एका विषयाचं एक सत्र पार पडलं की एक क्रेडिट. वर्षात दोन सत्रं, म्हणून वर्षभराच्या विषयाला दोन क्रेडिट्स. दिवसाला सात तासिका असल्या तर वर्षाला जास्तीत जास्त १४. इंडियानात २०२८ पर्यंत उत्तीर्ण होणाऱ्या मुलांचा नेहमीचा डिप्लोमा म्हणजे 'कोअर ४०', नावाप्रमाणेच ४० क्रेडिट्सचा. त्यात इंग्रजीच्या ८ आणि गणिताच्या ६, म्हणजे अल्जिब्रा-१, जॉमेट्री आणि अल्जिब्रा-२ यांच्या प्रत्येकी दोन. विज्ञानाच्या ६, त्यांतल्या २ जीवशास्त्राच्या. सामाजिक शास्त्रांच्या ६: अमेरिकेचा इतिहास २, अमेरिकी शासनव्यवस्था १, अर्थशास्त्र १, आणि जगाचा इतिहास किंवा भूगोल २. शारीरिक शिक्षणाच्या २, आरोग्याची १. भाषा, कला किंवा व्यवसाय-शिक्षणातल्या ५, आणि मोकळ्या निवडीच्या ६. ऑनर्स डिप्लोमा हवा असेल तर एकूण ४७. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नववीत बसलेल्या, म्हणजे २०२९ मध्ये उत्तीर्ण होणाऱ्या तुकडीपासून नवा ४२ क्रेडिट्सचा डिप्लोमा लागू आहे. त्यात वैयक्तिक अर्थव्यवहार आणि संगणकशास्त्र हे विषय सक्तीचे आहेत. तुमचं मूल कोणत्या साली उत्तीर्ण होणार हे प्रवेशाच्या वेळी ठरतं, आणि त्यावर कोणता डिप्लोमा लागू होणार हेही. पहिल्याच भेटीत ते विचारा.

पुण्याहून आणलेले कागद या हिशेबात कसे बसतात? पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फक्त दहावीची गुणपत्रिका घेऊन येणं. आपल्याकडे एकदा बोर्डाची परीक्षा झाली की नववीच्या निकालाला कुणी विचारत नाही, म्हणून तो घरच्या फायलीतही सापडत नाही. इथे नववी हे हायस्कूलचं पहिलं वर्ष. त्या वर्षाचा कागद नसेल तर त्या वर्षाची क्रेडिट्स नाहीत. मग अकरावीत बसलेल्या मुलाला उरलेल्या दोन वर्षांत जास्तीत जास्त २८ मिळवता येतात आणि दहावीच्या वर्षाची १२ धरली तर कशीबशी ४० होतात. एक विषय राहिला की सगळं कोसळतं. म्हणून नववीचा निकाल शाळेच्या शिक्क्यासह आणाच. आठवीचाही आणा, कारण इथली काही मुलं अल्जिब्रा-१ आठवीतच करतात आणि त्याची हायस्कूलची क्रेडिट्स त्यांना मिळतात.

दुसरा कागद मुख्याध्यापकांचं पत्र. शाळेच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, एका पानाचं पुरे. त्यात चार गोष्टी हव्यात. एक, प्रत्येक विषयाच्या आठवड्याला किती तासिका आणि तासिका किती मिनिटांची. इंडियानात क्रेडिट म्हणजे सत्रभर आठवड्याला किमान २५० मिनिटांचं अध्यापन, असा रिवाज आहे आणि आपल्या गुणपत्रिकेवर मिनिटं कुठेच नसतात. दोन, शिकवण्याचं माध्यम. तीन, गुणांचा अर्थ: उत्तीर्ण होण्यासाठी ३५, प्रथम श्रेणी ६० पासून, विशेष प्रावीण्य ७५ पासून. हे लिहिलं नाही तर इथल्या मोजपट्टीवर आपले ७२ टक्के 'सी' होतात आणि मुलाचा जीपीए (सर्व श्रेणींची सरासरी) पहिल्या दिवसापासून खाली बसतो. बाहेरच्या शाळेचे गुण अक्षरश्रेणीत बदलून धरायचे की नुसतं 'उत्तीर्ण' म्हणून क्रेडिट द्यायचं, हे ठरवणं शाळेच्या हातात असतं. आमच्या मते दुसरा पर्याय बहुतेक मुलांच्या फायद्याचा आहे. तो मिळतो का हे विचारा.

चौथी गोष्ट राज्य मंडळाच्या मुलांसाठी खास. दहावीला गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, ४०-४० गुणांच्या दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका. अमेरिकेत हेच दोन वेगळे विषय आहेत, अल्जिब्रा आणि जॉमेट्री. पण गुणपत्रिकेवर 'गणित' अशी एकच ओळ येते. इथला समुपदेशक (शाळेतला काउन्सेलर) ती ओळ पाहून मुलाला एका विषयाचं क्रेडिट देतो आणि पुन्हा जॉमेट्रीच्या वर्गात बसवतो. भूमितीची प्रमेयं दोन वर्षं घोटलेल्या मुलाने ती तिसऱ्यांदा करायची, आणि त्यामुळे बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठायचं राहून जायचं. पत्रात भाग १ आणि भाग २ ची फोड, दोन्ही वर्षांच्या प्रकरणांच्या नावांसह, स्पष्ट लिहून घ्या. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ व २ चंही तसंच. भाग दोनमधलं जीवशास्त्र वेगळं दाखवलं नाही तर बायोलॉजीची दोन क्रेडिट्स अडतात. सीबीएसईच्या मुलांना गणिताची ही फोड आयती मिळत नाही, त्यांनी पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिकांच्या प्रती जोडाव्यात.

मराठी आणि हिंदीचा विसर पडू देऊ नका. कोअर ४० च्या ऑनर्स डिप्लोमाला परकीय भाषेची एका भाषेत ६, किंवा दोन भाषांत प्रत्येकी ४ क्रेडिट्स लागतात. नववी-दहावीत मराठी आणि हिंदी दोन्ही पूर्ण विषय म्हणून शिकलेल्या मुलाची प्रत्येक भाषेत दोन वर्षं होतात, म्हणजे चार अधिक चार. शाळा ती मान्य करेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय कुणी देणार नाही. गुणपत्रिकेवरच्या 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' या श्रेणीवर शारीरिक शिक्षणाची दोन क्रेडिट्सही अशीच मागून पाहा.

कागद लखोट्यात बंद करून, झाकणावर शाळेचा शिक्का मारून आणा आणि प्रत्येकाचा एक जादा संच स्वतःजवळ ठेवा. शाळा सोडल्याचा दाखलाही घ्या. इथे तो कुणी मागणार नाही, पण परत गेल्यावर पहिला तोच लागेल.

कधी यायचं, यावर आमचं मत ठाम आहे. बदलीची तारीख तुमच्या हातात नसते हे खरं, पण कुटुंबाने केव्हा यायचं हे बरेचदा हातात असतं. इथलं वर्ष ऑगस्टच्या सुरुवातीलाच सुरू होतं. नववीची परीक्षा एप्रिलमध्ये पुण्यात देऊन जुलैत येणारं मूल सरळ दहावीत बसतं, काहीही वाया जात नाही. दहावी देऊन येणाऱ्यांनी मूळ गुणपत्रिका शाळेतून हातात पडेपर्यंत थांबावं, संकेतस्थळावरची प्रत पुरत नाही. मध्येच यायचंच असेल तर जानेवारीत या, कारण दुसरं सत्र तेव्हा सुरू होतं. दिवाळीपूर्वीच्या प्रथम सत्राचा निकाल शिक्क्यासह आणला तर पहिल्या सत्राची क्रेडिट्स मागता येतात. सर्वांत वाईट महिने ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. पुण्यातलं सत्र अर्धं सुटलेलं, इथलं अर्धं उलटून गेलेलं, आणि दोन्हीकडचं क्रेडिट हाती नाही.

अकरावीच्या अधेमधे येणाऱ्यांची स्थिती आणखी अवघड असते. ज्युनियर कॉलेजचे प्रवेश लांबतात, वर्ग उशिरा भरतात, क्लासच्या नादात कॉलेजची हजेरी नावापुरती असते, आणि जानेवारीत दाखवायला निकालच नसतो. बारावीच्या सुरुवातीला येणारं मूल तर एकदम चार आघाड्यांवर लढतं: अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवस्था, अर्थशास्त्र आणि आरोग्य हे सगळं एका वर्षात, आणि त्यातच विद्यापीठांचे अर्ज. पर्ड्यू आणि इंडियाना युनिव्हर्सिटीच्या पहिल्या फेरीची मुदत १ नोव्हेंबर. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकाने मुलाला तोवर जेमतेम तीन महिने पाहिलेलं असतं. पुण्यात आजी-आजोबा किंवा भरवशाचं घर असेल तर बारावीतल्या मुलाला एचएससी तिथेच पूर्ण करू द्या. त्या गुणपत्रिकेवर अमेरिकी विद्यापीठांत थेट अर्ज करता येतो.

वर्गाच्या निवडीबद्दलही एक व्यवहार समजून घ्या. पुढच्या वर्षाचे विषय इथली मुलं आदल्या हिवाळ्यातच नोंदवतात आणि त्या आकड्यांवर शिक्षक व वर्ग ठरतात. जुलैत येणाऱ्याला उरलेल्या जागा मिळतात. एपी केमिस्ट्री (कॉलेजच्या पातळीचा रसायनशास्त्राचा वर्ग) भरली असेल तर त्यामागे कुणाचा आकस नसतो, नोंदणी आधीच झालेली असते. गणिताचा वर्ग सोपा वाटला तर पहिल्याच आठवड्यात चाचणी मागा, कारण विषय बदलण्याची खिडकी फार थोडे दिवस उघडी असते. आपल्या मुलांना आकडेमोड येते, पण आलेख काढणारा कॅल्क्युलेटर हाताळलेला नसतो, आणि इथे अल्जिब्रा-२ पासून तो रोज लागतो. निघण्याआधी मोबाईलवर डेस्मॉस या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरची सवय करा. सॅट या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेतही तेच साधन पडद्यावर असतं, आणि इंडियानात अकरावीच्या सर्व मुलांना सॅट राज्याची परीक्षा म्हणून शाळेतच द्यावी लागते.

खरी अडचण इंग्रजीच्या वर्गात येते, आणि ती बोलण्याची नसते. गाइडमधलं उत्तर पाठ करून जसंच्या तसं उतरवणं आपल्याकडे अभ्यास समजला जातो. इथे ती वाङ्मयचोरी ठरते आणि शिक्षेस पात्र असते. दुसऱ्याचं वाक्य अवतरणात कसं द्यायचं, स्वतःच्या शब्दांत कसं मांडायचं आणि मूळ कुठलं हे कसं नोंदवायचं, हे मुलाला येण्याआधी समजावून सांगा.

आता लसी. प्रवेश रखडतो तो बहुतेक वेळा इथे, आणि रखडण्याचं कारण मुलाला लसी दिलेल्या नसतात हे नसतं, त्या इथल्या नियमांच्या वयात दिलेल्या नसतात हे असतं. बालरोगतज्ज्ञांचं पिवळं पुस्तक समोर घेऊन पुढचे मुद्दे तपासा.

गोवर: आपल्याकडे पहिली मात्रा नवव्या महिन्यात देतात. इंडियानात पहिला वाढदिवस झाल्यानंतरचीच मात्रा मोजतात, चार दिवसांची सवलत धरून. नवव्या महिन्यातली मात्रा शून्य. शिवाय सरकारी दवाखान्यात मिळते ती एमआर, तिच्यात गालगुंडाचा भाग नाही, आणि इथे एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन मात्रा हव्यात. हिपॅटायटिस-बी: सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलेंट घेतलेल्या मुलाच्या तीन किंवा चार मात्रा दिसतात, पण शेवटची मात्रा वयाच्या २४ आठवड्यांनंतरची हवी. चौदाव्या आठवड्याची चालत नाही, म्हणून आणखी एक घ्यावी लागते. पोलिओ: पल्स पोलिओच्या रविवारी पाजलेले डोस मोजत नाहीत. तोंडावाटे दिलेला डोस १ एप्रिल २०१६ नंतरचा असेल तर तोही नाही, कारण तेव्हापासून लशीतल्या तीन प्रकारांपैकी एक वगळला गेला. शेवटची मात्रा चौथ्या वाढदिवसानंतरची हवी. इंजेक्शनच्या मात्रा चालतात. धनुर्वात: दहाव्या वर्षी शाळेत किंवा दवाखान्यात दिलेली टीडी इथल्या टीडॅपची जागा घेत नाही, कारण तिच्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो. कांजिण्यांच्या दोन आणि हिपॅटायटिस-ए च्या दोन मात्रा सक्तीच्या आहेत, आणि आपल्या सरकारी वेळापत्रकात यांतली एकही नाही. हिपॅटायटिस-ए च्या दोन मात्रांत सहा महिन्यांचं अंतर लागतं, म्हणून बदलीची कुणकुण लागताच पहिली पुण्यातच द्या. कांजिण्या प्रत्यक्ष येऊन गेल्या असतील तर डॉक्टरांकडून तारखेसह लेखी घ्या. मेनिंगोकॉकलची एक मात्रा, बारावीला दोन. ही पुण्यात महाग पडते, इथे विम्यातून मिळते, तेव्हा ती इथे घेतली तरी चालेल.

आणि तारखा. आपण ०४/०७ लिहितो ते चार जुलै. इथली परिचारिका ते सात एप्रिल वाचते. दोन मात्रांमधलं अंतर त्यामुळे चुकीचं निघतं आणि चांगली वैध मात्रा बाद होते. डॉक्टरांकडून महिना अक्षरात लिहिलेली, टंकलेली, सही-शिक्क्याची यादी घ्या. लशीचं व्यापारी नाव नव्हे, आजाराचं नाव हवं. नोंदी अपुऱ्या असल्या तर शाळा वीस दिवसांपर्यंत सवलत देऊ शकते, त्यापुढे मूल घरी. बीसीजी दिलेली असल्याचंही यादीत लिहून घ्या, कारण क्षयरोगाची त्वचाचाचणी तिच्यामुळे सकारात्मक येऊ शकते.

प्रवेशाच्या अर्जात घरच्या भाषेबद्दल तीन प्रश्न असतात: मुलाची पहिली भाषा कोणती, ते सर्वांत जास्त कोणती बोलतं, घरात कोणती बोलतं. 'मराठी लिहिलं तर मुलाला खालच्या वर्गात टाकतील' या भीतीने कित्येक जण तिन्ही ठिकाणी इंग्रजी लिहितात. तसं करू नका. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होते: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. इंग्रजी माध्यमातलं मूल ती पार करतं आणि विषय संपतो. पार झालं नाही तर कायद्याने मदत मिळते, आणि शाळेने तुम्हाला ते शालेय वर्षाच्या सुरुवातीच्या तीस दिवसांत, मध्येच आलात तर दोन आठवड्यांत, लेखी कळवावं लागतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ही मदत नाकारणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

काही गोष्टी थोडक्यात. एल-२ किंवा एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरच्या मुलाला सार्वजनिक शाळा मोफत आहे. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी प्रवेश अडत नाही. २०२३ पासून इंडियानाच्या सार्वजनिक शाळा पाठ्यपुस्तकांचे पैसे घेत नाहीत. शाळेच्या संघात खेळायचं असेल तर वैद्यकीय तपासणीचा फॉर्म १ एप्रिलनंतरच्या तारखेचा हवा, पुण्यात मार्चमध्ये केलेली तपासणी बाद होते. आणि सी-४ कडे 'आयटीआय' म्हणून नाक मुरडू नका. यंत्रांच्या गावात वेल्डिंग, यंत्रकाम किंवा आरोग्यसेवेचे हे वर्ग अभियांत्रिकी वा वैद्यकीयकडे निघालेल्या मुलालाही उपयोगी आहेत.

भारतभेटीचा हिशेब मात्र नीट करा. वर्ष १८० दिवसांचं, आणि १८ दिवस गैरहजेरी झाली की मूल 'सतत गैरहजर' धरलं जातं, कारण काहीही असो. विनापरवाना दहा दिवस झाले तर कायद्याच्या भाषेत ते शाळा चुकवणारं ठरतं. डिसेंबरात स्वस्त तिकिटासाठी आठवडाभर आधी निघणं सर्वांत महाग, कारण पहिल्या सत्राच्या परीक्षा नाताळच्या सुट्टीच्या अगदी आधी असतात. परीक्षा चुकली की सगळ्या विषयांची क्रेडिट्स टांगणीला लागतात. लग्नकार्य असेल तर जानेवारीतला परतीचा दिवस पुढे ढकला, जाण्याचा अलीकडे आणू नका, आणि मुख्याध्यापकांची परवानगी आधी लेखी घ्या.

बारावीत दोन कागद अनपेक्षितपणे समोर येतात. शासनव्यवस्थेच्या विषयात प्रत्येक मुलाला अमेरिकी नागरिकत्वाची प्रश्नपरीक्षा द्यावी लागते. तिचा तुमच्या व्हिसाशी संबंध नाही, घाबरू नका. दुसरा, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या शिक्षणसाहाय्याचा अर्ज, एफएएफएसए. राज्याच्या कायद्याने तो प्रत्येकाने भरायचा असतो, पण व्हिसावरच्या मुलांना ते साहाय्य मिळतच नाही. अशांच्या पालकांनी सूट मागण्याच्या फॉर्मवर सही करायची असते. तो फॉर्म समुपदेशकाकडे मिळतो. राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी तुमच्या मुलाला लागू होते की नाही, हे प्रत्येक विद्यापीठाच्या निवास-विभागाकडून लेखी घ्या, ओळखीच्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि एकविसाव्या वाढदिवशी मुलाचा तुमच्यावर अवलंबून असलेला व्हिसा संपतो, ही तारीख कॉलेजच्या मध्येच येते हे आधीच धरून चला. खर्च आवरायचा असेल तर हायस्कूलमध्येच आयव्ही टेक या सामुदायिक महाविद्यालयाची दुहेरी क्रेडिट्स (शाळेत आणि कॉलेजातही मोजली जाणारी) घ्यायला लावा. आयव्ही टेक, पर्ड्यू पॉलिटेक्निक आणि २०२४ पासून नव्या नावाने ओळखली जाणारी इंडियाना युनिव्हर्सिटी कोलंबस, तिन्ही याच गावात आहेत.

दोन-तीन वर्षांनी परत जायचं असेल तर विषय आजच त्या दृष्टीने निवडा. भारतातल्या प्रवेशासाठी एआययूचं (भारतीय विद्यापीठ संघाचं) समकक्षता प्रमाणपत्र लागतं आणि त्यात विषय पाहिले जातात. अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, आणि नीटसाठी जीवशास्त्र शेवटच्या दोन वर्षांत दिसलं पाहिजे. कोअर ४० मध्ये भौतिक आणि रसायन दोन्ही घेणं बंधनकारक नाही, म्हणून एक सोडून दिलेलं असतं आणि ते पुण्यात परतल्यावर कळतं. महाराष्ट्रातल्या वैद्यकीयच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी राज्यातून झालेली असावी लागते. बारावी कोलंबसला केली की तो हक्क साधारणपणे जातो, हे माहीत असून निर्णय घ्या. परतताना डिप्लोमा आणि ट्रान्स्क्रिप्टवर (विषय, श्रेणी आणि क्रेडिट्सचा अधिकृत उतारा) इंडियाना राज्याचं अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) करून न्या. भारतातून ते करवून घेणं फार जिकिरीचं होतं.

हे सगळं ज्याच्यापाशी येऊन थांबतं तो माणूस म्हणजे समुपदेशक. त्याच्याकडे शेकडो मुलं असतात, तेव्हा तो आपणहून फोन करेल अशी वाट पाहू नका. मे संपण्याआधी पुण्यातून एक ईमेल पाठवा. त्यात मुलाची जन्मतारीख महिना अक्षरात लिहून, येण्याचा महिना, संभाव्य पत्ता, आठवीपासूनचे निकाल आणि मुख्याध्यापकांचं पत्र एकाच पीडीएफमध्ये जोडा. प्रश्न तीनच विचारा: आमच्या मुलाला किती क्रेडिट्स मान्य होतील, कोणत्या साली उत्तीर्ण होणारी तुकडी धरली जाईल, आणि गणिताची चाचणी कधी देता येईल. जून लागला की ही कार्यालयं रिकामी होतात आणि जुलैअखेरपर्यंत उत्तर येत नाही. आलेलं उत्तर छापून ठेवा. सत्राच्या शेवटी ट्रान्स्क्रिप्टची प्रत मागून त्याच्याशी ओळीने ताडून पाहा, आणि एखादं क्रेडिट चढवायचं राहिलं असेल तर त्याच आठवड्यात दाखवून द्या.

कळावे,

आपले,
कोलंबस, इंडियाना इथले काही मराठी पालक